हसू नाही, रडूही नाही : विद्यार्थ्यांमधलं न दिसणारं नैराश्य

वसतिगृहात रडणारं पोर लगेच सापडतं. कुणी पाणी आणून देतं, कुणी घरी फोन लावून देतं, मेसमधले काकासुद्धा विचारतात, "काय झालं रे?" ज्या मुलाला रडूच येत नाही, त्याच्याकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. तो शेवटच्या बाकावर असतो, किंवा वर्गात नसतोच. सबमिशनच्या आदल्या रात्री सगळा मजला जागा असतो आणि तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. विचारलं तर म्हणतो, "काही नाही, ठीक आहे." तो खोटं बोलत नसतो. त्याला खरोखरच काही वाटत नसतं, आणि तेच त्याचं दुखणं असतं.

नैराश्य म्हणजे दुःख, अशी आपली पक्की समजूत आहे. चित्रपटांनी ती घडवली, मोबाइलवरच्या पोस्टनी ती वाढवली. या समजुतीमुळे मदतीची गरज असलेली कितीतरी मुलं-मुली घरच्यांच्या, शिक्षकांच्या आणि मित्रांच्या नजरेतून सुटतात. इतकंच नाही, त्यांची स्वतःचीही फसगत होते. "मी तर उदास नाही, मग मला नैराश्य कसं असेल?" असं त्यांना वाटतं. म्हणून या सुन्नपणाबद्दल वेगळं लिहिणं मला गरजेचं वाटतं.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला मी स्वतः जवळजवळ आठ महिने असे काढले आहेत. त्या वर्षीच्या ईदला अम्मीने नेहमीसारखा शीरखुर्मा केला, सगळी भावंडं जमली, आणि माझ्या जिभेला नुसतं गरम दूध लागलं. जिवलग मित्राला कॅम्पसमध्ये नोकरी लागली, तेव्हा आनंद झाला नाही आणि हेवाही वाटला नाही. त्याच काळात नाना वारले. ज्यांच्या सायकलच्या दांड्यावर बसून मी शाळेत गेलो, त्यांच्या जनाज्याला खांदा दिला, कब्रस्तानात माती दिली, घरी आलो, जेवलो, झोपलो. डोळ्यांतून एक थेंब आला नाही. नातेवाईक अब्बांना म्हणाले, "पोरगा बडा सब्रवाला निकला." मी ते ऐकलं आणि त्याचंही मला काही वाटलं नाही.

वैद्यकशास्त्राला ही अवस्था नवीन नाही. आनंद वाटण्याची क्षमताच हरवणं याला 'ॲनहेडोनिया' म्हणतात. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्यूल रिबो यांनी १८९६मध्ये हा शब्द रूढ केला. आज डॉक्टर नैराश्याचं निदान करतात तेव्हा नऊ लक्षणं पाहतात. त्यांपैकी किमान पाच लक्षणं सलग दोन आठवडे, बहुतेक दिवस, दिवसाचा बराचसा वेळ असावी लागतात आणि त्यांचा रोजच्या कामावर परिणाम झालेला असावा लागतो. या पाचांत दोन मुख्य लक्षणांपैकी एक तरी असावंच लागतं. पहिलं म्हणजे उदास मन. दुसरं म्हणजे कशातच रस किंवा आनंद न उरणं. या 'किंवा'मध्येच आपल्या त्या गप्प मुलाची गोष्ट आहे. उदास न वाटताही नैराश्याचं निदान होऊ शकतं. उरलेली लक्षणं आहेत झोप बिघडणं, भूक कमी-जास्त होणं, सतत थकवा, लक्ष न लागणं, हालचाल मंदावणं किंवा अस्वस्थपणा वाढणं, आपण नालायक आहोत असं वाटणं आणि मरणाचे विचार येणं.

आता ही यादी बाजूला ठेवा आणि आपण अशा मुलांना काय म्हणतो ते आठवा. झोप आणि थकव्याला आपण आळस म्हणतो. फोन न उचलण्याला माज म्हणतो. अभ्यासात लक्ष न लागण्याला "मोबाइलनं वाया घालवलं" म्हणतो. मुलींच्या बाबतीत तर हा सुन्नपणा गुण म्हणून खपून जातो. हट्ट नाही, भांडण नाही, कुठे जायचं नाव नाही, सांगितलेलं काम गुपचूप करते. "बहुत शांत बच्ची है," असं रिश्ता घेऊन आलेले लोकही म्हणतात. वर्षभरापूर्वी हीच मुलगी खळखळून हसायची, हे कुणाच्या ध्यानात राहत नाही.

आणि आपल्या घरांत आणखी एक निदान तयार असतं : ईमान कमजोर झालं. नमाजेत मन लागत नाही, दुआ मागताना ओठ हलतात पण आत काही हलत नाही, रमजान आला आणि गेला तरी फरक पडला नाही. अशा मुलाला "अल्लाहची याद कमी झाली की असं होतं" असं सांगितलं, की त्याच्या सुन्नपणावर अपराधाचं ओझं चढतं. आधी त्याला वाटायचं, आपल्याला काही वाटत नाही. आता त्याला वाटतं, आपल्याला काही वाटत नाही हा आपला गुन्हा आहे.

हे निदान आपल्या स्वतःच्या परंपरेलाही धरून नाही. नवव्या-दहाव्या शतकात अबू झैद अल-बल्खी नावाचे विद्वान होऊन गेले. शरीर आणि मन या दोन्हींच्या आरोग्यावर त्यांनी एकच ग्रंथ लिहिला. त्यात दुःखाचे त्यांनी दोन प्रकार मानले : ज्याचं कारण माहीत असतं ते, आणि ज्याचं कारण सापडत नाही ते. दुसऱ्या प्रकाराचं मूळ त्यांनी शरीरात शोधलं आणि त्यावर शरीराचे उपचारही सुचवले. साडेअकराशे वर्षांपूर्वीचा हा माणूस विनाकारण आलेल्या उदासीला ईमानाचं मोजमाप मानत नव्हता. खदीजा आणि अबू तालिब यांचं निधन ज्या वर्षी झालं, त्याला मुस्लिम इतिहास 'दुःखाचं वर्ष' म्हणूनच ओळखतो. मुलाच्या विरहात दृष्टी गमावणाऱ्या याकूब पैगंबरांची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्यांच्या श्रद्धेवर कुणी बोट ठेवत नाही. मग विसाव्या वर्षाच्या पोरावर का ठेवावं?

या मुलांच्या डोक्यावरचं ओझं काय असतं, तेही पाहायला हवं. घरातला पहिला इंजिनिअर होणारा मुलगा एकटा शिकत नसतो. अब्बांचं गॅरेज, मोठ्या भावानं दहावीनंतर सोडलेली शाळा, बहिणीचं लांबवलेलं लग्न, शिक्षण कर्जाचे कागद, हे सगळं त्याच्याबरोबर परीक्षेच्या हॉलमध्ये बसलेलं असतं. एका विषयात केटी लागली तर ती फक्त त्याची नसते. 'इयर डाऊन' हा शब्द घरी कसा सांगायचा, या विचारात तो महिनामहिना घरी जात नाही. त्यातच कॉलेजजवळ खोली शोधताना भाडं ठरतं, ॲडव्हान्स ठरतो आणि नाव सांगितल्यावर खोली 'कालच गेलेली' असते. वर्गातल्या ग्रुपवर एखाद्या बातमीनंतर जे मजकूर फिरतात, ते वाचून गप्प राहायचं असतं. अशा गोष्टींमुळे प्रत्येकाला आजार होत नाही. पण रोज थोडं थोडं गिळत राहिलं की मन काहीच आत येऊ देईनासं होतं. मार लागू नये म्हणून अंग आखडून घ्यावं, तसंच ते असतं. फरक इतकाच, की नंतर ते मोकळं करता येत नाही.

हा प्रश्न किती मोठा आहे? राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. राज्यांमध्ये सर्वाधिक नोंद महाराष्ट्राची होती, १,७६४. कुठल्याही आत्महत्येचं कारण एकच नसतं आणि यांतल्या प्रत्येकाला नैराश्यच होतं असंही म्हणता येणार नाही. पण निम्हान्सने २०१५-१६मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्याच्या १०० रुग्णांपैकी साधारण ८५ जणांपर्यंत उपचार पोहोचत नव्हते, हेही लक्षात ठेवावं लागेल. उपचार आहेत. माणूस आणि उपचार यांची गाठ पडत नाही.

ती का पडत नाही, याचं एक उत्तर मला माझ्या कामात दिसतं. आम्ही सॉफ्टवेअरवाले सर्व्हर सांभाळतो, तेव्हा बिघाडाचा निरोप येण्याची वाट पाहत बसत नाही. कारण सर्व्हर पूर्ण बंद पडला तर निरोप पाठवायलाही तो उरत नाही. म्हणून प्रत्येक सर्व्हर ठरावीक सेकंदांनी 'मी चालू आहे' एवढाच संदेश पाठवत राहतो. त्याला आम्ही हार्टबीट म्हणतो. तो दोन-तीनदा आला नाही की घंटा वाजते आणि कुणीतरी उठून पाहायला जातं. तक्रार आलेली नसली तरी जातं.

विद्यार्थ्यांसाठीची आपली सगळी व्यवस्था याच्या उलट आहे. 'अडचण असेल तर समुपदेशकाला भेटा' असा फलक लावला की कॉलेज मोकळं. 'काही लागलं तर सांग' म्हटलं की घरचे मोकळे. मदत मागायला मदत हवीशी वाटावी लागते, आणि या आजारात नेमकं हवंसं वाटणंच गेलेलं असतं. म्हणून माझा आग्रह आहे की सुन्न झालेल्या मुलाने येऊन सांगावं, ही अपेक्षा आपण सोडून द्यावी. मेसमध्ये सलग तीन दिवस न आलेला, अचानक हजेरी घसरलेला, चांगले गुण असून प्रॅक्टिकलला न आलेला, घरचा फोन आठवडाभर न उचलणारा विद्यार्थी, हे सगळे न आलेले हार्टबीट आहेत. हजेरीचा तक्ता आज प्रत्येक कॉलेजच्या संगणकावर असतो. तो ७५ टक्क्यांच्या अटीखाली मुलाला अडवण्यासाठी वापरला जातो. त्याच तक्त्यावरून त्याच्या खोलीवर जाऊन चौकशीही करता येते.

जे विद्यार्थी हे वाचत आहेत आणि ज्यांना स्वतःबद्दल शंका येते आहे, त्यांच्याशी थोडं थेट बोलतो.

पहिली गोष्ट, स्वतःला तपासा. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची साधी प्रश्नावली आहे. गेल्या दोन आठवड्यांबद्दल प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण द्यायचे, एकूण २७. बेरीज १० किंवा त्याहून जास्त आली तर डॉक्टरांना भेटायला हवं. हे निदान नव्हे, थर्मामीटर आहे. नववा प्रश्न मरण्याच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याचं उत्तर 'मुळीच नाही' याखेरीज काहीही असेल, तर बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी कुणाशी तरी बोला. १४४१६ हा केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा क्रमांक आहे. ही सेवा ऑक्टोबर २०२२पासून चालू आहे. ती मोफत आहे, दिवसरात्र असते आणि तिथे मराठीत बोलता येतं.

दुसरी गोष्ट, 'मला कसंतरी होतंय' असं सांगू नका. त्यावर 'होईल बरं' एवढंच उत्तर मिळतं. दिसणाऱ्या गोष्टी सांगा. "दोन महिने झाले, मला कशातच रस वाटत नाही. पहाटे चारला जाग येते. पुस्तकाचं एक पान वाचायला तासभर लागतो. मला डॉक्टरांकडे जायचंय, सोबत चल." अशा वाक्यावर समोरच्याला काय करायचं ते कळतं. बोलवत नसेल तर लिहून पाठवा.

तिसरी गोष्ट, इच्छा होण्याची वाट पाहू नका. एरवी आधी वाटतं आणि मग माणूस करतो. या आजारात क्रम उलटा करावा लागतो. आधी थोडं करायचं, वाटणं मागून येतं. मानसोपचारात याला 'बिहेव्हियरल ॲक्टिव्हेशन' म्हणतात. हाड मोडल्यावर प्लास्टर निघतं आणि आखडलेला हात रोज थोडा थोडा हलवावा लागतो, तसंच हे. उठण्याची वेळ एकच ठेवा. भूक नसली तरी मेसमध्ये जाऊन चार घास खा. उन्हात वीस मिनिटं चाला. अभ्यास म्हणजे आज एकच पान. नमाज पढत असाल तर पाचांतली एक तरी मशिदीत जाऊन पढा, म्हणजे पाय मोकळे होतील आणि माणसांत बसणं होईल. त्या वेळी मनात काय आलं आणि काय नाही, याचा हिशेब मांडू नका. रात्री उशिरापर्यंत रील पाहत पडणं ही विश्रांती वाटते, पण ती झोप खाते आणि झोप गेली की बाकी सगळं आणखी कठीण होतं.

चौथी गोष्ट, डॉक्टरांचं भय बाळगू नका. मी गेलो तेव्हा सरकारी रुग्णालयात दहा रुपयांचा केस पेपर होता. ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. डॉक्टर आधी रक्त तपासायला सांगू शकतात, कारण थायरॉइडच्या बिघाडानेही असा थकवा आणि मंदपणा येतो. त्यानंतर बोलून उपचार, गोळ्या किंवा दोन्ही. नैराश्याच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. त्यांची नशेसारखी चटक लागत नाही, मात्र बरं वाटलं म्हणून मनानेच बंद करायच्या नसतात. डॉक्टर सांगतील तितके महिने घ्यायच्या आणि त्यांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायच्या. पंचविशीच्या आतल्या मुलांच्या बाबतीत सुरुवातीच्या आठवड्यांत घरच्यांनी किंवा मित्रांनी विशेष लक्ष ठेवावं. बेचैनी वाढली, मरणाचे विचार वाढले, तर लगेच डॉक्टरांना कळवावं. काहींना गोळ्यांमुळेही थोडं बधिर वाटतं. तेही सांगावं, मग डॉक्टर मात्रा किंवा औषध बदलतात.

बरं होणं एका सकाळी घडत नाही. माझ्या बाबतीत पहिल्यांदा परतला तो राग. मेसच्या पातळ डाळीवरून मी एका मित्रावर ओरडलो आणि खोलीत येऊन बसल्यावर ध्यानात आलं की आपल्याला राग आला होता. नानांसाठी रडू आलं ते आणखी कितीतरी महिन्यांनी, एसटीतून गावी जाताना. म्हणून आई-वडिलांना सांगावंसं वाटतं : तुमचं गप्प पोर एक दिवस चिडलं, रडलं, तर घाबरू नका. कदाचित ते परत येत असेल.

घरच्यांना आणखी दोन भीती असतात, पोलीस आणि रिश्ता. पहिलीबद्दल कायदा आता स्पष्ट आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरतो आणि तिच्या उपचारांची व पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर टाकतो. जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुनं कलम ३०९ राहिलेलं नाही. रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्कही २०१७च्या कायद्यात आहे, आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण द्यावं, हेही त्यात आहे. रिश्त्याच्या भीतीवर मात्र कायद्याचा इलाज नाही. तो आपल्यालाच करावा लागेल. मधुमेह सांगून लग्न जमतात, तर बरा झालेला किंवा औषधाने ताब्यात असलेला हा आजार सांगूनही जमायला हवीत.

कॉलेजांचं काम आता मर्जीवर राहिलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५मध्ये शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ असावा, असं त्यात सांगितलं आहे. माझ्या कॉलेजात समुपदेशकाचं काम एका प्राध्यापकांकडे जादा म्हणून दिलेलं होतं आणि तेच आमचे अंतर्गत गुणही देत. ज्यांच्या हातात टर्मवर्कचे गुण आहेत, त्यांच्यासमोर कोण मन मोकळं करेल? पालकांनी प्रवेश घेताना प्लेसमेटचा आकडा विचारावा, तसा हाही प्रश्न विचारावा : तुमचा समुपदेशक कोण, त्याचं शिक्षण काय, तो आठवड्यातून किती दिवस असतो?

आणि आपल्या जमाती, ट्रस्ट, शिक्षण संस्था? फी भरायला, पुस्तकं द्यायला, गुणवंतांचा सत्कार करायला आपण पुढे असतो. ते चांगलंच आहे. पण स्कॉलरशिप दिलेल्या मुलाला आपण पुन्हा कधी फोन करतो? पुढच्या वर्षी गुणपत्रिका मागायला. त्याऐवजी दर महिन्याला एक फोन, गुणांबद्दल नव्हे, "जेवतोस का, झोपतोस का, कुणाशी बोलतोस का" एवढं विचारणारा. स्कॉलरशिपच्या रकमेत डॉक्टरांच्या काही भेटींचा खर्च धरावा. केटी लागली म्हणून मदत लगेच बंद करू नये, आधी कारण विचारावं. जुम्याच्या बयानात वर्षातून दोनदा तरी सांगितलं जावं, की हा आजार आहे, याचा इलाज आहे आणि तो घेणं म्हणजे तवक्कल सोडणं नव्हे. यासाठी मोठा निधी लागत नाही. एक वही, काही फोन नंबर आणि ते लावणारे चार-पाच तरुण पुरतात. आपल्या गावातून शहरात शिकायला गेलेल्या मुला-मुलींची यादी आपल्याकडे आहेच. या आठवड्यात तिच्यातलं पहिलं नाव काढून फोन लावा. पलीकडून "ठीक आहे" असं उत्तर आलं, तर लगेच ठेवू नका.